दाढ ठणकतेय आणि पाच आठवड्यांवर बॉक्सिंगची निवड चाचणी: इलाज आता करावा की नंतर?

सातपूरची आई

नमस्कार मंडळी. माझी मुलगी बॉक्सिंग करते, वजनगट ५४ किलो. कॉलेजचं पहिलं वर्ष आहे. पाच आठवड्यांनी तिची निवड चाचणी आहे आणि उजवीकडची खालची दाढ ठणकतेय.

त्या दाढेत ती दहावीत असताना सिमेंट भरलं होतं. दिवाळीत चकली खाताना ते निघालं. तेव्हा दुखत नव्हतं, म्हणून तिने घरात सांगितलं नाही. आता थंडी पडल्यापासून हाल सुरू झालेत. पहाटे गंगापूर रोडच्या बाजूला पळायला जाते, तोंडाने श्वास घेतला की कळ थेट कानापर्यंत जाते म्हणते. म्हणून तोंडाला स्कार्फ बांधून पळते. रात्री आडवी झाली की ठणका वाढतो, मग उठून भिंतीला टेकून बसते. मेडिकलमधून गोळी आणते, लवंगेचं तेल लावते. डाव्या बाजूनेच जेवते. भाकरी बंद, मटण बंद, नुसती खिचडी, केळी आणि उकडलेली अंडी चालू आहेत.

परवा मी मुद्दाम स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, बघायला गेले. मला बॉक्सिंगमधलं फार कळत नाही, पण माझ्या पोरीचा चेहरा मला कळतो. ती टीथगार्ड, म्हणजे दातांच्या बचावासाठी तोंडात घालायचा गार्ड, चावतच नव्हती. जबडा सैल, ओठ उघडे. समोरच्या मुलीचा डावा हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, येतोय असं दिसलं की ही आधीच तोंड फिरवायची. एरवी ती अशी खेळत नाही.

सर म्हणतात, आता डॉक्टरकडे गेलं तर दाढ काढतील, सराव बुडेल, चाचणी होऊ दे मग बघू. सर मनापासून मेहनत घेतात, त्यांच्याशी वाद घालायला जीभ रेटत नाही. घरात सासूबाई म्हणतात, दातदुखी कोणाला नसते. मला कळत नाहीये की मी उगाच घाबरतेय का. दातामुळे खेळावर खरंच एवढा परिणाम होतो का? रूट कॅनाल करायला पाच आठवडे पुरतात का? गोळ्या खाऊन ढकलत राहिलं तर काय होईल? तिचा गार्ड ऑनलाइन मागवलेला, गरम पाण्यात टाकून चावायचा आहे, तो ठीक आहे का? आणि हो, वजनासाठी ती आदल्या दिवशी पाणी जवळजवळ बंद करते, सरावाला बाटलीत ग्लुकोज पावडर टाकून नेते. याचा दातांशी संबंध असेल तर तेही सांगा.

रिंगसाइड, नाशिकरोड

ताई, उगाच घाबरत नाही आहात. जबडा सैल ठेवून मार खाणं ही बॉक्सिंगमधली सगळ्यात वाईट सवय आहे, आणि दुखण्यामुळे लागलेली सवय दुखणं गेल्यावरही काही दिवस राहते. मी बरीच वर्षं स्थानिक स्पर्धांत खेळाडूच्या मदतीला रिंगच्या कोपऱ्यात बसतो, तोंड उघडं ठेवणारी मुलं मला लांबूनच ओळखू येतात.

३१ मार्च १९७३ ला सॅन दिएगोमध्ये केन नॉर्टनने मोहम्मद अलीचा जबडा मोडला होता. अली पूर्ण १२ फेऱ्या खेळला आणि हरला. अली होता म्हणून उभा राहिला. आपल्या पोरींकडून ती अपेक्षा कोणी करू नये.

सरांना भेटून सांगा की हुक आला की ती तोंड फिरवतेय. प्रशिक्षकाला हे पटेल. दाढ दुखते म्हटलं की त्यांना सुट्टीचा अर्ज ऐकू येतो, जबडा उघडा राहतोय म्हटलं की खेळ दिसतो. बाकी डॉक्टर लोकांनी सांगावं.

दंतवैद्य, पंचवटी

ताई, मी दंतवैद्य आहे आणि कॉलेजात ज्युदो खेळलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या प्रश्नात सगळ्यात मोलाची ओळ आहे ती ही: ती गार्ड चावत नाहीये.

ठोसा बसायच्या क्षणी बॉक्सर दात घट्ट मिटतो. खालचा जबडा वरच्याला भिडतो, मानेचे स्नायू ताठ होतात, डोकं कमी हलतं. जबडा उघडा असला तर तो आधाराशिवाय मार खातो. मग हाड मोडायची शक्यता वाढते, जीभ दातांत सापडते, कानापुढच्या सांध्याला झटका बसतो. दाढ दुखत असली की शरीर ते चावणं आपोआप टाळतं. तिला कितीही ओरडून सांगितलं की दात मिटून ठेव, तरी ऐन फेरीत ती मिटणार नाही, कारण मिटलं की कळ येते. त्यामुळे सराव बुडेल म्हणून इलाज पुढे ढकलणं म्हणजे रोजच्या सरावात चुकीची गोष्ट घोटवून घेणं. सर समजूतदार आहेत असं दिसतं, त्यांना हे पटेल.

झोपेचं बघा. रात्री आडवं झाल्यावर ठणका वाढणं हे बहुतेक वेळा आतल्या नसेला सूज आल्याचं लक्षण असतं. नस कडक दाताच्या आत कोंडलेली, सुजायला जागाच नाही. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि ठणका चढतो. दिवसा दोन वेळा सराव करणाऱ्या मुलीची रात्र अशी गेली तर तिचे स्नायू सावरणार कधी? त्यात भाकरी, मटण बंद. कमी झोप आणि कमी प्रथिनं यांवर कोणीही वजनगटात राहील, पण ताकद उरणार नाही.

खेळाडू म्हणजे दात मजबूत असणार असं लोक गृहीत धरतात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिथल्या दंतविभागात आलेल्या ३०२ खेळाडूंची तपासणी नोंदवली गेली. ५५ टक्क्यांना कीड होती, ७६ टक्क्यांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या, ४५ टक्क्यांच्या दातांची आम्लामुळे झीज झाली होती. १८ टक्के खेळाडूंनी स्वतः सांगितलं की दातांमुळे त्यांच्या सरावावर किंवा कामगिरीवर परिणाम झाला. दंतविभागात आलेलेच खेळाडू होते, त्यामुळे आकडे थोडे चढे असतील हे मान्य. तरीही हे ऑलिंपिकपर्यंत पोचलेले लोक आहेत, त्यांच्यामागे फिजिओ, आहारतज्ज्ञ, सगळा लवाजमा असतो. तोंडात मात्र कोणी डोकावत नाही. याचा मला खरोखर राग येतो. गुडघा सुजला तर त्याच दिवशी एमआरआय, आणि हिरडीतून रोज रक्त येतंय तर ‘ब्रश जोरात लागला असेल’.

आता इलाज. एक्स-रे न बघता लिहितेय, तेवढं लक्षात ठेवा. मला वाटतं रूट कॅनाल लागेल, नुसतं सिमेंट भरून हे थांबणार नाही. पाच आठवडे पुरेसे आहेत, मात्र उद्याच सुरुवात करा. पहिल्या सिटिंगला नस काढली की बहुतेकांचा ठणका एक-दोन दिवसांत उतरतो. दोरीवरच्या उड्या, शॅडो (हवेत ठोसे मारायचा सराव), हलकं पळणं लवकर सुरू करता येतं. स्पॅरिंग कधी, ते तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या, आणि दाढेवर कॅप, म्हणजे कडक टोपण, बसेपर्यंत त्या बाजूला जोराचा मार नको. किडीने पोखरलेली आणि नस काढलेली दाढ कॅपशिवाय फुटू शकते. आत भरतात त्या पदार्थाचं नाव गुट्टापर्चा. एका झाडाच्या चिकापासून तो बनतो. १८९० मध्ये लंडनचे दंतवैद्य वूल्फ क्राउझ यांनी बॉक्सरांचे ओठ फाटू नयेत म्हणून याच गुट्टापर्चाच्या पट्ट्या त्यांच्या वरच्या दातांवर बसवल्या होत्या. तोंडातला गार्ड तिथून सुरू झाला. मुलीला सांगा, तिला आवडेल.

दाढ काढतीलच असं सरांना वाटतंय, पण वाचणारी दाढ आम्ही सहसा काढत नाही. काढावी लागलीच तर पहिले काही दिवस जपावे लागतात. खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, ती जोरात थुंकण्याने, स्ट्रॉने ओढण्याने, दमछाक होईपर्यंत पळण्याने निघू शकते. ती निघाली की खालचं हाड उघडं पडतं आणि ते दुखणं आधीच्या दुखण्याला मागे टाकतं. अक्कलदाढेचं वेगळं आहे. खालची आडवी अक्कलदाढ हाड कापून काढली तर जबड्याचा तो कोपरा काही आठवडे नाजूक राहतो. अशी शस्त्रक्रिया स्पर्धेच्या तोंडावर कधीही करू नका, मोसम संपला की लगेच करा. तिचं वय बघता आता एक पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून घ्या, म्हणजे अक्कलदाढा कशा येतायत तेही कळेल.

गोळ्यांबद्दल जरा कडक बोलते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या उपाशीपोटी आणि पाणी तोडलेल्या शरीराला मूत्रपिंडाच्या दृष्टीने धोक्याच्या असतात. म्हणजे ज्या दिवशी ती वजन उतरवते, नेमक्या त्याच दिवशी त्या घ्यायच्या नाहीत. अ‍ॅस्पिरिनने रक्त गोठायला वेळ लागतो, रिंगमध्ये नाक फुटलं तर रक्त लवकर थांबणार नाही, तेही नको. काही जण अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेवरच दाबून धरतात, त्याने हिरडी भाजते. लवंगेच्या तेलाचा कापूस दाढेत ठेवला तर थोडा वेळ बधिर वाटतं, पण हिरडीवर तेल सांडलं तर तीही भाजते. आणि मेडिकलवाल्याने हातावर ठेवलेलं प्रतिजैविक घेऊन नसेतली सूज बरी होत नाही.

आणखी एक, हे सहसा कोणी सांगत नाही. डॉक्टरांना पहिल्या मिनिटाला सांगा की मुलगी स्पर्धेत उतरते. सुन्न करण्याचं इंजेक्शन चालतं, त्यातलं अ‍ॅड्रेनॅलिनही चालतं. पण दात काढल्यावर सूज उतरावी म्हणून कधी कधी डेक्सामेथासोन देतात. ते स्टेरॉइड आहे, गोळी किंवा इंजेक्शन म्हणून घेतलं तर स्पर्धेच्या काळात प्रतिबंधित आहे. ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्या आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जातात, त्याही १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात प्रतिबंधित यादीत आहेत. आज जिल्हा पातळीवर कोणी नमुना घेणार नाही म्हणून दुर्लक्ष करू नका, उद्या ती राष्ट्रीय शिबिरात असेल तेव्हा ही सवय कामी येईल. चिठ्ठी जपून ठेवा.

आता ग्लुकोज आणि पाणी. दाढ किडण्याचं मूळ मला इथेच दिसतंय. साखर मिळाली की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात. पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप (जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं वरचं कवच विरघळायला लागतं. लाळ ते आम्ल धुते आणि कवचाला कॅल्शियम परत देते, पण तिला अर्ध्या तासाची तरी उसंत लागते. सरावात दर पाच मिनिटांनी गोड पाण्याचा घोट घेतला तर ती उसंतच मिळत नाही. त्यात तोंडाने श्वास चालू, आणि वजनासाठी पाणी बंद, म्हणजे लाळच आटलेली. हे असं आठवड्यातून पाच-सहा दिवस, महिनोन् महिने. साधा सराव असेल तर साधं पाणी पुरतं. ग्लुकोज लागतच असेल तर ठरलेल्या वेळी एकदम प्यावं आणि लगेच पाण्याने चूळ भरावी. आंबट पेय प्यायल्यावर लगेच ब्रश करू नये, कवच मऊ झालेलं असतं, अर्धा तास जाऊ द्या. रात्री झोपताना फ्लोराइडची पेस्ट, घासून झाल्यावर फक्त थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. रात्रीचं घासणं सकाळपेक्षाही महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ कमी होते.

गार्डबद्दल दाढेचं काम झाल्यावर लिहीन, आता त्यात पैसे घालू नका. खर्चाची चिंता असेल तर पंचवटीत मुंबई-आग्रा रस्त्यावर कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. शिकवण्याची रुग्णालयं असतात तिथे वेळ जास्त लागतो, पण खर्च बाहेरच्यापेक्षा बराच कमी असतो आणि विद्यार्थ्यांच्या डोक्यावर प्राध्यापक उभे असतात. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा.

भगूरचा जुना पैलवान

राम राम मंडळी. बॉक्सिंग आपला प्रांत नाही, पण डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं वाचून राहवलं नाही. कुस्तीतही हीच गत आहे.

तालमीत पोरांचा खुराक बघा. पहाटे जोर-बैठका, मग बदामाची थंडाई, त्यात साखर हात सोडून. दुपारी केळी, खजूर, गूळ. रात्री तापवलेलं दूध प्यायचं आणि तसंच अंथरुणावर पडायचं. दात घासून झोपणारा पैलवान मी माझ्या उमेदीत पाहिला नाही. आमच्याकडे पैलवान व्यसन करत नाही असं अभिमानाने सांगतात, आणि गुटखा-दारूच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण मिश्रीला कोणी व्यसनच धरत नाही. घरात आजी लावते, आई लावते, पोरगंही दात साफ करायचं म्हणून लावतं. तंबाखू भाजून कुटलेली आहे ती, दुसरं काय आहे?

मला आठवतं, सिन्नरच्या बाजूला एका जत्रेत आमच्या तालमीतलं एक चांगलं पोरगं इनामाच्या कुस्तीला उभं होतं. गाल सुजलेला, दाढेत पू झालेला. वस्तादांना सांगितलं नव्हतं, वगळतील म्हणून. सलामी झाली, पहिल्याच झटापटीत समोरच्याने मानेवर हात टाकून कोपर जबड्यावरून ओढलं. गडी जागेवर बसला. पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, त्याच्यासारखा पोरगा त्या वर्षी आमच्या भागात नव्हता, आणि कुस्ती एका मिनिटाच्या आत गेली. पुढे आठ दिवस तोंड उघडेना, पेज पाजावी लागली. पैसे गेले त्याचं काही नाही. त्या दिवशी त्याची खरी कुस्ती कोणी पाहिलीच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

वजनाचंही तेच. गादीवरच्या कुस्तीत आता सगळं वजनावर. २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगट १०० ग्रॅमसाठी बाद झाली, तेव्हापासून पोरांनी धसका घेतलाय. च्युइंगगम चघळत डब्यात थुंकत बसतात, पाव किलो तरी उतरेल म्हणून. बाई म्हणतात तसं, लाळच थुंकून टाकली तर दातांना राखणार कोण?

डॉक्टरीणबाई, एक विचारायचं आहे. डोक्याला डोकं आदळून आखाड्यात दात पडतात. आम्ही ते मातीतच पुरायचो. अलीकडे कोणी म्हणालं की पडलेला दात परत बसतो. खरं का?

दंतवैद्य, पंचवटी

काका, खरं आहे, आणि हे तुमच्या तालमीच्या भिंतीवर लिहून ठेवा अशी माझी हात जोडून विनंती आहे.

अख्खा पक्का दात मुळासकट बाहेर आला तर तो चावायच्या टोकाकडून उचलायचा, मुळाला बोट लावायचं नाही. मुळावर जे पातळ पेशींचं आवरण असतं त्याच्यामुळेच दात पुन्हा हाडाला धरतो. माती लागली असेल तर दुधात किंवा पाण्यात हलकेच बुचकळायचा, घासायचा नाही, खरवडायचा नाही. पोरगं शुद्धीत असेल तर दात सरळ करून जागेवर परत बसवायचा, स्वच्छ रुमाल चावायला द्यायचा आणि दवाखाना गाठायचा. बसवता येत नसेल तर दुधात ठेवून आणायचा. तालमीत दूध नाही असं कधी होत नाही, म्हणून तर सांगतेय. कागदात गुंडाळून खिशात आणलेला दात वाळतो आणि वाळला की पेशी मरतात. अर्ध्या तासात आलात तर आशा चांगली, तासाभरानंतर ती झपाट्याने कमी होते. मातीचा आखाडा असल्यामुळे धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही डॉक्टरांना विचारा. लहान मुलांचा दुधाचा दात पडला तर मात्र परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

त्या पोराच्या दाढेत पू होता, असं तुम्ही लिहिलंत. खालच्या दाढेचा पू गळ्याकडे उतरू शकतो. तोंड उघडेना, गिळता येईना, ताप, जिभेखाली सूज, यातलं काही दिसलं तर दंतवैद्याची वाट न बघता थेट मोठं रुग्णालय. श्वास अडकून माणूस जाऊ शकतो. हे मी घाबरवायला लिहीत नाही, गावाकडून उशिरा आलेले असे रुग्ण मी शिकत असताना पाहिलेत.

मिश्रीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी दवाखान्यात रोज सांगते. मिश्रीने हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, आणि कॅन्सरचा धोका तंबाखूचा असतो तोच. तुमच्यासारख्या माणसाने तालमीत सांगितलं तर पोरं ऐकतील, माझं ऐकत नाहीत.

सातपूरची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. लिहायला उशीर झाला कारण धावपळ चालू होती.

दंत महाविद्यालयात जाऊन आलो. एक्स-रेमध्ये कीड नसेपर्यंत पोचलेली दिसली. त्याच दिवशी सुन्न करून नस काढली, तात्पुरतं भरलं. त्या रात्री पोरगी सलग झोपली. मी दोनदा उठून बघितलं, गाढ झोपली होती. डॉक्टरांना आधीच सांगितलं की ती खेळते, त्यांनी साधी पॅरासिटामॉल दिली. अक्कलदाढा सरळ येतायत म्हणाले, सध्या हात लावायची गरज नाही.

सरांना भेटले. रिंगसाइड दादांनी सांगितलं होतं तसंच बोलले, की समोरून हुक आला की ती तोंड फिरवतेय. सर म्हणाले, हो, मी ते बघत होतो, पण मला वाटलं घाबरतेय. मग स्वतःच म्हणाले की कॅप बसेपर्यंत स्पॅरिंग बंद, फूटवर्क आणि बॅग चालू. ग्लुकोजची बाटली बंद केली. दात मिटण्याची सवय परत लागावी म्हणून सर तिला शॅडो करतानाही गार्ड घालायला लावतात. सासूबाई अजून म्हणतायत की एवढा खर्च कशाला, पण काल त्यांनीच तिच्यासाठी नाचणीची भाकरी केली, दोन्ही बाजूंनी चावता येते का बघ म्हणाल्या.

आता जुना गार्ड त्या दाढेवर घट्ट बसतो, टोचतो म्हणते. पुढच्या आठवड्यात कॅप आहे. गार्डचं काय करू?

दंतवैद्य, पंचवटी

वाचून खूप बरं वाटलं, ताई.

क्रम असा ठेवा: आधी कॅप पक्की बसू दे, मग गार्डचं माप. उलटं केलं तर गार्ड पुन्हा करावा लागेल. गार्ड वरच्या दातांवर बसतो, पण खालची कॅप त्यावर चावली जाणार, म्हणून चावा जुळवून घ्यावा लागतो. दंतवैद्य दातांचं माप घेऊन प्लास्टरचा साचा करतात आणि त्यावर ईव्हीए नावाच्या रबरासारख्या प्लास्टिकचा गरम पत्रा ओढून बसवतात, साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाडीचा. गरम पाण्यातल्या गार्डची अडचण अशी की मुलं तो बसवताना जोरात चावतात आणि दाढांपाशी तो पापडासारखा पातळ होतो, म्हणजे जिथे जाडी हवी तिथेच राहत नाही. सैल असेल तर तो जागेवर ठेवण्यासाठी सारखे दात आवळावे लागतात, श्वास घ्यायला तोंड उघडलं की पडतो. अर्धी दमछाक तिथेच होते. नीट बसलेल्या गार्डने श्वास अडत नाही.

चांगला गार्ड ओळखायला तिला तोंड मोठं उघडायला सांगा. जीभ न लावता तो वर टिकला पाहिजे. त्यात बोलता आलं पाहिजे, ओकारी यायला नको. नवीन गार्ड चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा घालायचा नाही, किमान दोन आठवडे सरावात वापरून झालेला असावा. तुमचं गणित त्यात बसतंय.

गार्डने दात, ओठ आणि जबडा वाचतो. डोक्याला मार लागतच नाही असं कोणी सांगितलं तर मात्र विश्वास ठेवू नका, तेवढी ताकद त्यात नाही. डोक्याला जोराचा मार बसून गरगरलं तर गार्ड असो नसो, सराव थांबवायचा.

सरावानंतर थंड पाण्याने धुवायचा, साध्या साबणाने हलकं घासायचं, वाळवून भोकं असलेल्या डबीत ठेवायचा. ओला गार्ड बंद डबीत ठेवला की जंतू आणि बुरशी वाढते आणि दुसऱ्या दिवशी तीच तोंडात जाते. हिरड्या फाटलेल्या असतात तेव्हा हे जास्त त्रास देतं. गरम पाणी नको, आणि उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत अजिबात नको, आकार बिघडतो. एकमेकींचा वापरायचा नाही, मैत्रीण कितीही जवळची असो. कडा चावून फाटल्या की बदलायचा.

आणि चाचणी झाल्यावर दर सहा महिन्यांनी तपासणी, मोसम संपला की पहिली. दुखायची वाट बघायची नाही.

सातपूरची आई

माप ठरलं, कॅपनंतर दोन दिवसांनी. लेकीचं एकच मागणं आहे, गार्ड लाल रंगाचा हवा. चालेल ना?

रिंगसाइड, नाशिकरोड

नाही चालणार ताई. बॉक्सिंगमध्ये लाल किंवा थोडाही लाल असलेला गार्ड नियमात बसत नाही. तोंडातून रक्त येतंय का हे पंचाला आणि डॉक्टरांना लगेच दिसलं पाहिजे. निळा, पांढरा, काळा, काहीही घ्या. शिवाय तिला सांगा, फेरी चालू असताना गार्ड मुद्दाम थुंकला तर पंच ताकीद देतात, म्हणून दमल्यावर तो बाहेर ढकलायची सवय आत्ताच मोडा. माप द्यायला जाताना जुना गार्डही सोबत न्या, तो कुठे चावला गेलाय ते बघून डॉक्टरांना जाडी कुठे वाढवायची ते कळेल.